पुन्हा एकदा ब्राम्स

रोज सकाळी त्याच दुधाचा तोच चहा पिणाऱ्या माणसाला कोणी वेडा म्हणत नाही. दर श्रावणात तीच पोथी लावणाऱ्याला लोक भाविक म्हणतात. शंभर गवयांचा यमन ऐकून झाल्यावर एकशेएकाव्या गवयाच्या बैठकीला पुन्हा यमनासाठीच धावत सुटणाऱ्याला आपण रसिक म्हणतो. मग विलायती संगीतातली एकच रचना पाच निरनिराळ्या वादकांच्या हातून ऐकणाऱ्या माणसाकडे आमच्या सावेडीत लोक अंमळ काळजीने का पाहतात, हे मला अजून उमगलेले नाही. आमच्या सौ. तर काळजीच्याही पलीकडे गेल्या आहेत. संध्याकाळी शाळेतून येऊन मी माडीवर गेलो, की स्वयंपाकघरातून त्यांचा प्रश्न येतो, "आज कोणता म्हातारा लावणार?"

प्रश्न थट्टेचा असला तरी अगदी बरोबर आहे. रचना कोणती, हे त्या विचारतच नाहीत. ती त्यांना आता भांडी घासतानाही ओळखू येते. योहानेस ब्राम्स नावाच्या जर्मन संगीतकाराचा पियानोसाठी लिहिलेला पहिला कॉन्सर्टो. वाजवणारा कोण, एवढाच काय तो फरक.

हा नाद मला कसा जडला ते सांगतो. दहावीनंतर मी कॉलेजाची पायरी चढलो नाही. चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिल्या आणि शाळेत मुलांना सफरचंद आणि सुरई काढायला शिकवू लागलो. रात्री कादंबऱ्या लिहू लागलो. अशा माणसाच्या वाटेला पियानो यावा कुठून? पण नगर हे छावणीचे गाव. छावणीतल्या साहेबांच्या बदल्या होतात आणि बदलीच्या आदल्या दिवशी त्यांचे निम्मे घर रद्दीच्या दुकानात येते. कॅसेटचे दिवस सरत आले होते तेव्हाची गोष्ट. रद्दीवाल्याने तीन विलायती कॅसेट पंधरा रुपयांना दिल्या. त्या पुसून त्यांवर आमच्या दादांची भजने भरून घ्यावीत, असा माझा बेत होता. एका कॅसेटच्या वेष्टनावर पांढऱ्या केसांच्या एका वृद्धाचे नाव होते, आर्थर रुबिनस्टाइन. आणि त्याखाली दुसरे नाव होते, झुबिन मेहता. परक्या गावी अचानक आपल्याकडचा माणूस भेटावा, तसे मला झाले. मेहता आहे, म्हणजे पुसण्यापूर्वी एकदा ऐकायला हवे! ती कॅसेट पुढे कधीच पुसली गेली नाही.

कॉन्सर्टो म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एका बाजूला एकटा पियानो आणि दुसऱ्या बाजूला साठ-सत्तर वादकांचा ताफा. व्हायोलिने, बासऱ्या, शिंगे, नगारे असा सगळा सरंजाम. या दोघांमध्ये अर्धा-पाऊण तास जे चालते ते कधी भांडण असते, कधी समजूत, कधी नुसती सोबत. बहुतेक कॉन्सर्टोंचे भाग तीन: पहिला भारदस्त, दुसरा संथ, तिसरा उसळता. सारे स्वर आधी कागदावर लिहिलेले असतात. आपल्याकडे गवई राग घेऊन बसतो आणि घर तिथल्या तिथे बांधतो. तिकडे घर बांधून तयार असते, त्यात राहायचे कसे एवढेच वादकाच्या हाती. ऐकणाऱ्याला आधी वाटते, मग उरले काय? पण घर तेच असून भाडेकरू बदलला की घराची कळा बदलते, हा अनुभव सावेडीतल्या कोणत्याही घरमालकाला आहे.

ब्राम्सने हे घर बांधले तेव्हा तो विशी-पंचविशीतला पोरगा होता. १८५३ साली वीस वर्षांचा ब्राम्स रॉबर्ट शुमान या थोर संगीतकाराच्या दारी गेला. शुमानने त्याला पोटच्या मुलासारखे जवळ केले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८५४ मध्ये, मनाचा तोल गेलेल्या शुमानने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. लोकांनी त्याला वाचवले, पण उरलेली दोन वर्षे त्याची मनोरुग्णांच्या इस्पितळात गेली आणि १८५६ साली तिथेच त्याचा अंत झाला. त्याची पत्नी क्लारा स्वतः श्रेष्ठ पियानोवादक. पदरात मुलांचा घोळका. ब्राम्स त्या घराच्या मदतीला धावला. त्या वादळात त्याने जी रचना सुरू केली, ती आधी दोन पियानोंसाठी होती. मग तिची सिंफनी करावी असे त्याने ठरवले. आणि अखेर तिचा कॉन्सर्टो झाला. मधला संथ भाग हे तुझेच चित्र आहे, असे त्याने क्लाराला कळवले होते. जानेवारी १८५९ मध्ये हॅनोव्हरला हा कॉन्सर्टो प्रथम वाजला. पाचच दिवसांनी लाइपझिगला तो पुन्हा वाजला, तेव्हा टाळ्या तुरळक आणि हिस्स्-हिस्स् जास्त झाले. ब्राम्स स्वतः पियानोवर होता. पंचविशीतल्या माणसाला भर सभेत हे ऐकावे लागणे म्हणजे काय, ते पहिल्या कादंबरीवरचे पहिले परीक्षण वाचलेल्या कोणत्याही लेखकाने सांगावे!

सुरुवातच विलक्षण आहे. नगाऱ्याचा खोल घोष उठतो आणि त्यावर तंतुवाद्ये दरड कोसळावी तशी कोसळतात. जवळजवळ चार मिनिटे पियानो गप्प. एवढ्या गदारोळानंतर तो आता तलवार उपसूनच येणार, असे वाटते. आणि तो येतो तो अगदी हलक्या पावलांनी. दुःखाच्या घरी समजूतदार माणूस येऊन कोपऱ्यात बसावा, तसा. त्या पहिल्या दहा-बारा स्वरांत वादकाची सगळी परीक्षा होते. मी नवी ध्वनिमुद्रिका ऐकतो तेव्हा कान तेवढ्या जागेवर ठेवून बसतो. माणूस आत कसा येतो यावरून तो कसा आहे ते कळते. पाहुण्याचे तसेच, वादकाचेही तसेच.

आपल्या मराठी कानाला हे संगीत अगदीच परके आहे, असेही नाही. झुबिनचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली मुंबईत बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुंबईच्या अशा वाद्यवृंदांत गोव्याचे वादक असत. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली ही गोव्याची मंडळी पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा झाली. आपण ज्या गाण्यांवर वाढलो त्यांच्यामागचे व्हायोलिनांचे ताटवे त्यांनीच फुलवले. १९६१ च्या 'छाया' चित्रपटात सलील चौधरींनी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीचा मुखडा एका गाण्यात असा काही बसवला, की कित्येकांनी मोझार्ट हे नाव ऐकण्यापूर्वीच त्याची चाल गुणगुणली. १९३६ साली मुंबईत जन्मलेला झुबिन अठराव्या वर्षी व्हिएन्नाला शिकायला गेला आणि जगातल्या मोठमोठ्या वाद्यवृंदांपुढे उभा राहिला. तेव्हा माझ्या रद्दीतल्या कॅसेटवर मुंबई होती, आणि तिच्या मागे थोडेसे पणजी-मडगावही होते.

पुढे सीडी आल्या आणि त्यानंतर हे सारे भांडार फोनमध्ये आले. मग मी एकाच कॉन्सर्टोच्या ध्वनिमुद्रिका शेजारी शेजारी ठेवून ऐकू लागलो. क्लिफर्ड कर्झनने जॉर्ज सेलबरोबर १९६२ साली लंडनला केलेली ऐकावी: कर्झन संथ भाग असा वाजवतो की आपण दुसऱ्याचे पत्र चोरून वाचतो आहोत, असे वाटून अवघडायला होते. एमिल गिलेल्सची १९७२ ची ऐकावी, ऑयगेन योखुम आणि बर्लिनचा वाद्यवृंद यांच्यासह: काळ्या पाषाणात कोरलेले हेमाडपंती देऊळच. १९६२ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला ग्लेन गूल्डने हा कॉन्सर्टो इतक्या संथ लयीत वाजवायचा हट्ट धरला, की वाद्यवृंदाचा सूत्रधार लेनर्ड बर्नस्टाइन याने सुरुवातीलाच श्रोत्यांपुढे येऊन सांगितले, ही लय मला मान्य नाही, तरी मी साथ करणार आहे. आणि अशा वेळी धनी कोण, वादक की सूत्रधार, असा सवालही टाकला. ते भाषणसुद्धा ध्वनिमुद्रित आहे. आमच्या दादांना मी हा किस्सा सांगितला तेव्हा ते म्हणाले, "आमच्या कीर्तनातही हेच. फक्त बुवा असं बोलून दाखवत नाहीत, नुसते डोळे वटारतात."

मग खरी कोणती? रखमानिनॉफने आपला दुसरा कॉन्सर्टो १९२९ साली स्वतःच्या हाताने ध्वनिमुद्रित करून ठेवला आहे. कर्त्यानेच वाजवून दाखवल्यावर बाकीच्यांनी पियानोची झाकणे लावून घरी जायला हवे होते. पण तसे झाले नाही, आणि होऊही नये. बापाने मुलाला जन्म दिला तरी मुलाचा सगळा स्वभाव बापाला ठाऊक असतोच असे नाही.

आता माझ्या म्हाताऱ्याकडे येतो. रुबिनस्टाइनने ब्राम्सचा हा कॉन्सर्टो तीनदा ध्वनिमुद्रित केला. १९५४ साली शिकागोत, फ्रिट्झ रायनरबरोबर. तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता. १९६४ साली बोस्टनच्या वाद्यवृंदासह, तेव्हा सत्त्याहत्तर. आणि तिसऱ्यांदा १९७६ च्या एप्रिलमध्ये, इस्रायलच्या वाद्यवृंदासह. समोर चाळिशीच्या उंबरठ्यावरचा झुबिन मेहता आणि पियानोवर एकोणनव्वद वर्षांचा रुबिनस्टाइन. त्याची नजर तोपर्यंत गेल्यात जमा होती. समोरचे दिसत नसे, कडेचे काय ते थोडेफार दिसे. पुढच्याच महिन्यात लंडनला त्याने अखेरचा कार्यक्रम केला आणि रंगमंचाचा निरोप घेतला.

तिन्ही ओळीने ऐकावीत. पहिल्यात पोलादी मनगट आहे. तिसऱ्यात लय ऐसपैस झाली आहे. अवघड जागी बोटांची ओढाताण ऐकू येते, एखादा स्वर निसटतोही. पण ती हलक्या पावलांची पहिली एंट्री घ्या. सदुसष्टाव्या वर्षी त्याने ती सुंदर वाजवली होती. एकोणनव्वदाव्या वर्षी तो तिथे काहीच करत नाही, नुसता येऊन बसतो. आणि मेहताचा वाद्यवृंद त्याला जागा करून देतो. दोन पावले मागे थांबून, पण हात धरल्याचे न दाखवता. घरातल्या वडीलधाऱ्याला जिना उतरवताना शहाणी सून जसे करते, अगदी तसे.

हे मला इतके कळले त्याला कारण आमचे दादा. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षे माळीवाड्यातल्या भजनी मंडळात पेटी वाजवली, कीर्तनाला साथ केली. गोविंदराव टेंबे हे त्यांचे दैवत. चार वर्षांपूर्वी काचबिंदूने दृष्टी अधू झाली, बुवांच्या हाताची खूण दिसेनाशी झाली. उजव्या हाताच्या बोटांना कंपही आला. एका एकादशीला अभंग पुढे गेला आणि पेटी मागे राहिली. कोणी काही बोलले नाही. ते न बोलणेच दादांना लागले. घरी येऊन त्यांनी पेटीवर शाल घातली आणि ती माळ्यावर ठेवायला लावली. त्यानंतर त्यांनी पेटीचे नाव काढले नाही. ब्याऐंशीव्या वर्षी माणसाला करण्यासारखे फार उरत नाही. त्यांचे जे होते ते माळ्यावर जाऊन बसले. जेवण कमी झाले. सकाळचे फिरणे प्रोफेसर कॉलनीच्या चौकापर्यंत होते, ते फाटकापर्यंत आले.

पियानोविषयी त्यांचे मत वाईट होते. "नुसतं ठोकायचं. स्वर लावला की लगेच मरतो. मींड नाही, काही नाही." मी म्हणालो, "दादा, पेटीला तरी मींड कुठे आहे? १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि तीसेक वर्षे तिला दारात उभं केलं नाही, ते याच कारणाने ना?" हे त्यांच्या वर्मी बसले. पेटीचा अपमान त्यांना अजून खपत नाही. "पेटीला मींड नाही," ते म्हणाले, "पण आहे असं वाटायला लावता येतं. तिथेच तर वादक दिसतो." मग थोडे थांबून, "हा तुझा माणूस करतो का तसं?"

त्या संध्याकाळी प्रथमच ते माडीवर आले. मी तिसरी ध्वनिमुद्रिका लावली. पहिल्या भागात ते चुळबुळत होते. संथ भाग लागला तसे स्थिर झाले. पियानोचा स्वर उमटताच विरू लागतो, आणि तो पुरता विरण्याच्या आत पुढचा स्वर त्याच्या खांद्यावर अलगद हात ठेवतो. तुटलेले ठिपके कानाला रेघेसारखे भासतात. दादांची डाव्या हाताची बोटे मांडीवर हलू लागली, भाता मारल्यासारखी. संपल्यावर त्यांनी विचारले, "वय काय याचं?"

"एकोणनव्वद."

"नजर?"

"गेलेली. थोडं कडेचं दिसायचं."

"दोन ठिकाणी चुकला."

"हो."

"चुकला, पण थांबला नाही," असे म्हणून ते जिन्याकडे वळले. मी हात द्यायला उठलो, तो त्यांनी घेतला नाही.

आठ-दहा दिवस त्या गोष्टीचा उच्चारही झाला नाही. मग एका रविवारी दुपारी त्यांनी नातीला हाक मारून पेटी खाली काढायला सांगितली. भात्याला एक भोक पडले होते. त्यावर तिने चिकटपट्टी लावली. संध्याकाळी दिवेलागणीला दादांनी शाल काढली. मी घाईघाईने फोन पुढे केला, ध्वनिमुद्रण सुरू करावे म्हणून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका जपणाऱ्याने हे तरी हातचे कसे घालवावे? त्यांना तो दिसला नसावा, पण माझी हालचाल कळली. ते म्हणाले, "ते यंत्र ठेव बाजूला. वाजवतो ते तुमच्यासाठी. पुन्हा ऐकायला नाही."

मी फोन बंद केला. मनातून मात्र चडफडलो. मला अन्नपूर्णादेवी आठवल्या, ज्यांनी मुंबईत राहून जाहीर वादन कित्येक दशके वर्ज्य केले आणि ध्वनिमुद्रणाला नकार दिला. सेर्जू चेलिबिदाके हा रुमानियन सूत्रधार आठवला. संगीत त्या जागेत त्या क्षणी घडते, तबकडीत ते सापडत नाही, असे तो मानी. आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला अब्दुल करीम खाँ आठवले. १९३७ साली खाँसाहेब गेले. आमच्या पिढीपैकी कोणी त्यांना पाहिले नाही. पण तबकडीच्या एका बाजूला मावतील तेवढ्या तीन-चार मिनिटांत त्यांनी ठेवलेली झिंझोटी आजही ऐन दुपारी घरात संध्याकाळ आणते. ती तबकडी नसती तर? वादात मी जिंकलो असतो. पण दादांनी सूर धरला होता आणि वाद घालायला वेळ नव्हता.

भीमपलास. साधी अभंगाची चाल. उजवा हात कापत होता. पहिल्या ओळीत दोन स्वर एकमेकांना चिकटले. मग कुठेतरी त्यांनी कंपाशी तडजोड केली. चाल संथ केली, मधले बारीक काम गाळून टाकले आणि नुसते मुक्कामाचे स्वर ठेवले. माझी मुलगी टाळ घेऊन बसली होती. ती आजोबांच्या पुढे जात नव्हती. तिला हे कोणी शिकवले नव्हते. तो हात धरल्याचे न दाखवता धरणे मी इतक्यांदा ऐकले होते, की ते समोर घडताना मला लगेच ओळखू आले. पुन्हा ऐकायला मिळणार नाही हे माहीत असल्यामुळे मी एकही स्वर निसटू दिला नाही. सौ. परातीतली कणीक तशीच सोडून दारात उभ्या होत्या.

ध्वनिमुद्रिकांचा माझ्यावर मोठा उपकार आहे, तो हा. एकच रचना पुन्हा पुन्हा ऐकून कान तयार झाला, आणि जे एकदाच होणार होते त्याला तो कामी आला. वाचकहो, या दिवाळीत फराळाचे डबे झाकून झाले की पाऊण तास काढा. कोणाचाही कॉन्सर्टो लावा. शुमानचा लावा, ग्रीगचा लावा. दिनू लिपाटी तेहतिसाव्या वर्षी गेला, पण जाण्यापूर्वी हे दोन्ही १९४७-४८ साली ठेवून गेला आहे. आवडला तर तोच दुसऱ्याच्या हातून ऐका. घरचे हसतील, हसू द्यावे.

भजनी मंडळाचे लोक परवा आले होते. कार्तिकातल्या काकड्याला पेटीवर बसाल का, म्हणून विचारायला. दादांनी लगेच हो म्हटले नाही. "चाल संथ ठेवणार असाल तर बघू," म्हणाले. ते गेल्यावर त्यांनी मला हाक मारली.

"वर तो म्हातारा लाव एकदा. मधला भाग. मी येतो."

जिन्यावर त्यांच्या काठीचा आवाज येतो आहे. आज सौ.नी प्रश्न विचारलेला नाही.